सागरतळाची सहल

सुट्या जवळ आल्या कीं घरांतील तरुण मंडळी हल्लीं ‘स्कूबा’चें नांव काढतात, आणि वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आंठ्या पडतात. सातपुड्याच्या पायथ्याशीं वसलेल्या आमच्या सोनाळ्यासारख्या गांवीं हें स्वाभाविकच आहे. खारें पाणी आम्हांस ठाऊक, तें पूर्णाकांठच्या खारपाणपट्ट्यांतील विहिरींचें. पोहणें, तेंही विहिरींतलें. त्यांतून समुद्रयान कलिवर्ज्यांत गणलेलें. तो निषेध आज कोणी पाळीत नाहीं. त्याच्यामागची भीति मात्र उरली आहे. परंतु विचार न करतां ‘नको’ म्हणणें आणि विचार न करतां पैसे काढून देणें, हे दोन्ही मार्ग सारखेच अविचाराचे होत. विषय समजावून घेऊन सर्वांनीं मिळून बेत आंखणें, हा तिसरा मार्ग या लेखांत सुचवावयाचा आहे.

पाठीवर दाबलेल्या हवेची टाकी घेऊन पाण्याखालीं स्वतंत्रपणें श्वास घेत फिरणें, याचें नांव स्कूबा. याला लागणारें सोयीचें श्वसनयंत्र कूस्तो व गान्याँ या दोघांनीं १९४३ सालीं फ्रान्समध्यें सिद्ध केलें. या विद्येचा पहिला नियम आपल्या घरांतील माणसांस चमत्कारिक वाटेल. प्राणायामांत कुंभकाचें केवढें माहात्म्य! येथें मात्र कुंभक हाच महादोष. पाण्यांत दहा मीटर खालीं गेलें कीं अंगावरील दाब दुप्पट होतो. तेथें भरून घेतलेली हवा वर येतांना फुगत जाऊन दुप्पट जागा मागते. जो श्वास कोंडून वर येईल त्याचीं फुप्फुसें फाटण्याचा धोका असतो. म्हणून पूरक-रेचक अखंड चालूं ठेवावें, आणि मिनिटास नऊ-दहा मीटरांहून अधिक वेगानें वर येऊं नये. घाबरलेला मनुष्य नेमका उलट वागतो; तो श्वास धरतो आणि वर धांवतो. यासाठीं येथें धाडसापेक्षां संयमाची किंमत अधिक आहे.

तेव्हां बेताचा आरंभ तिकिटांपासून नव्हे, तर वैद्यापासून करावा. दमा, हृदयविकार, अपस्मार किंवा कानाचे जुने दुखणें असणारांनीं डॉक्टरांच्या अनुमतीवांचून पाण्यांत उतरूं नये. गर्भवतीनें तर मुळींच नाहीं. साध्या पडशानेंही कानांतील दाब मोकळा होत नाहीं व पडदा दुखावतो. हा प्रश्न मुलगा-मुलगी, लेक-सून असा भेद करून सोडवावयाचा नसून प्रकृति पाहूनच सोडवावयाचा आहे. हौस म्हणून एकदां उतरणारास शिक्षक हात धरून उथळ पाण्यांत नेतो. त्याला पोहतां आलें नाहीं तरी चालतें. ज्याला स्वतंत्रपणें फिरावयाचें आहे त्याला पोहणें आलेंच पाहिजे, आणि तीन-चार दिवसांचा अभ्यासक्रम पुरा करून प्रमाणपत्र मिळविलें पाहिजे. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळानें मालवणजवळ तारकर्लीस अशा शिक्षणाची संस्था स्थापिली आहे.

आतां पाहावयाचें काय? प्रथम प्रवाळ. मंगळासाठीं अंगठींत बसवितात तें लाल पोवळें आपल्या ओळखीचें. पण तो निर्जीव खडा नसून सूक्ष्म प्राण्यांनीं रचिलेला चुन्याचा सांगाडा आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याभोंवतींच्या खडकांवर त्याच्याच दूरच्या भाऊबंदांच्या वसाहती आहेत. हा भाग १९८७ सालीं सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. त्याचें क्षेत्र सुमारें २९ चौरस किलोमीटर आहे. प्रवाळाला हात लावूं नये, त्यावर पाय देऊं नये, तुकडा तर आणूंच नये. कायद्यानेंही तो गुन्हा आहे. विजयदुर्गाच्या पश्चिमेस शंभराहून अधिक किलोमीटरांवर कान्होजी आंग्र्यांच्या नांवाचें ‘आंग्रिया बँक’ हें जलमग्न पठार आहे. त्याचा माथाच सुमारें वीस मीटर खोल, आणि भोंवतीं मोकळा समुद्र! नवशिक्यांनीं त्याचा हट्ट धरूं नये.

दुसरें आकर्षण बुडालेल्या जहाजांचें. येथें थोडें थांबून विचार करावा. १७ जुलै १९४७ रोजीं मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट उलटून सहाशेंहून अधिक माणसें गेलीं; कोंकणांतील कित्येक घरांत ती अमावास्या विसरली गेलेली नाहीं. जेथें माणसें बुडालीं तें स्थळ करमणुकीचें नव्हे. म्हणून निवतीच्या खडकांजवळची योजना मला अधिक रुचते. १९८५ पासून नौदलाची सेवा करून २०२४ सालीं निवृत्त झालेली ‘गुलदार’ ही नौका, सागरतळीं संग्रहालय व माशांस आसरा व्हावा या हेतूनें, २०२५ सालीं पर्यटन महामंडळाच्या हवालीं करण्यांत आली. मात्र कोणत्याही बुडालेल्या जहाजाच्या पोटांत शिरणें हें वेगळ्या शिक्षणाचें काम आहे.

तिसरा देवमासा. नांवानें मासा, पण जातीनें सस्तन. त्यालाही श्वासासाठीं वर यावें लागतें. २०१५ सालीं सिंधुदुर्गापुढील समुद्रांत निळा देवमासा पिल्लासह संशोधकांच्या दृष्टीस पडला, आणि त्याच वर्षीं रेवदंड्यास एक किनाऱ्यास लागून मेला. तो दिसला तर भाग्य. ‘हमखास दाखवितों’ म्हणणारावर विश्वास ठेवूं नये. डॉल्फिन मात्र पुष्कळदां दिसतात.

पावसाळ्यांत हा उद्योग बंद असतो. दिवाळीनंतर होळीपर्यंतचा काळ उत्तम. शेगांवास गाडींत बसून ठाण्यास उतरावें व कोंकण रेल्वेनें कुडाळ गांठावें. पुढें मालवणपर्यंत एस. टी. आहे. परतीची घाई करूं नये. खोल पाण्यांत रक्तांत मुरलेला नत्रवायु, दाब एकदम कमी झाल्यास, सोड्याच्या बाटलीप्रमाणें बुडबुड्यांच्या रूपानें बाहेर पडतो. म्हणून शेवटच्या बुडीनंतर अठरा तास विमान नको, आणि त्याच दिवशीं आंबोलीचा घाटही नको. तो दिवस किल्ला पाहण्यांत घालवावा. ज्यांना पाण्यांत उतरावयाचें नाहीं त्या आजी-आजोबांसही मग सहलींत पूर्ण वांटा मिळेल.

बेत असा आंखला म्हणजे मुलांना नुसती परवानगी मिळत नाहीं, शिस्तही मिळते. आणि वडिलांच्या भीतीची जागा माहितीनें भरून निघते. समुद्राला आपल्या पूर्वजांनीं रत्नाकर म्हटलें. त्याच्या घरीं पाहुणे म्हणून जावें, पाहुण्याच्या रीतीनें वागावें, आणि रिकाम्या हातीं परत यावें.