नगारा, टिमकी आणि मायक्रोफोन

‘नक्कारखाने में तूती की आवाज’ हे तुम्ही घरी ऐकले असेल. मराठीत म्हणतात, ‘नगाऱ्याची घाई, तेथे टिमकीचे काय?’ नगारा हा शब्द अरबी ‘नक्कारा’चेच मराठी रूप. मोठ्या आवाजात लहान आवाज बुडतो, ही तालवाद्यांचे ध्वनिमुद्रण करणाऱ्याची रोजची अडचण आहे.

गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यात बोदलकसा हे गाव आहे. तेथील तलाव प्रसिद्ध आहे. भोवती जंगल, टेकड्या आणि हिवाळ्यात पाण्यावर उतरणारे पाहुणे पक्षी! हा सारा भाग झाडीपट्टीचा. धानाची कापणी झाली की या भागात गावोगावी रात्रभर नाटके रंगतात. समजा, अशाच एखाद्या गावातील म्हाताऱ्या ढोलकवादकाने तुम्हांला म्हटले, “बेटा, माझे वाजवणे भरून ठेव. मुले शहरात गेली. पुढे कोणाला ऐकावेसे वाटले तर?”

तुम्ही मोबाईल ढोलकाला टेकवून ठेवाल आणि फसाल. थाप अचानक व जोरात येते. ती यंत्राच्या मर्यादेबाहेर गेली की तिचा माथा छाटला जातो आणि आवाज फाटतो. फाटलेला आवाज नंतर पूर्ववत करणे फार कठीण! म्हणून आधी मायक्रोफोन नीट निवडावा.

मायक्रोफोन मुख्यतः दोन प्रकारचे. सभेत वक्ता हातात धरतो तो बहुधा ‘डायनॅमिक’. त्यात पातळ पडद्याला तारेचे वेटोळे जोडलेले असते व ते चुंबकात हलते. तो दणकट असतो. जोरदार थाप सहज सोसतो. दुसरा ‘कंडेन्सर’. त्याचा पडदा फार हलका, म्हणून बारीक नादही तो टिपतो. पण त्याला वीज पुरवावी लागते. ढोलकाजवळ पहिला ठेवावा, झांजांसाठी दुसरा.

ढोलकाला दोन तोंडे असतात. एक घुमते, दुसरे टणत्कार करते. शक्य असल्यास दोन्हींकडे एकेक मायक्रोफोन वीतभर अंतरावर ठेवावा. पुष्कळसे मायक्रोफोन फार जवळ नेले की खालचे सूर फुगवतात. म्हणून घुमणाऱ्या बाजूचा थोडा मागे घ्यावा. वादकाच्या हाताला मात्र अडथळा नको!

ड्रमसेट म्हणजे तर मोठे कुटुंबच. पायाने वाजणारा मोठा ड्रम, खाली तारा असलेला खणखणीत स्नेअर, मधले टॉम आणि वर थाळ्या. मोठ्या ड्रमच्या पुढच्या कातड्याला भोक असेल तर मायक्रोफोन त्यातून आत नेतात. स्नेअरच्या काठावरून, कातड्यापासून तीन-चार बोटे उंच, मध्याकडे तोंड करून दुसरा लावतात. यासाठी ‘शुअर एसएम ५७’ हा १९६५ साली आलेला साधा डायनॅमिक मायक्रोफोन आजही वापरतात. थाळ्यांच्या वर सुमारे एक मीटर उंचीवर दोन कंडेन्सर टांगतात. माझ्या मते हे वरचे दोनच सर्वांत महत्त्वाचे, कारण सारे कुटुंब एकत्र ऐकू येते ते त्यांतूनच.

येथे एक गंमत आहे. ध्वनी हवेत सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे ३४ सेंटिमीटर जायला त्याला सेकंदाचा हजारावा भाग लागतो. वरचे दोन मायक्रोफोन स्नेअरपासून कमीजास्त अंतरावर असतील, तर एकच थाप दोघांकडे वेगवेगळ्या वेळी पोहोचते. एकाचा पडदा आत जात असताना दुसऱ्याचा बाहेर येत असेल, तर दोन्ही मिसळल्यावर आवाज पोकळ होतो. उपाय सुतळीचा! सुतळीचे एक टोक स्नेअरच्या मध्यावर धरा आणि दोन्ही अंतरे सारखी करा.

अंतराचे हे महत्त्व जुनेच आहे. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे मुद्रित झाले तेव्हा मायक्रोफोन नव्हता. कलाकार कर्ण्यासमोर गात. पाश्चात्त्य देशांत त्या काळी मोठा ड्रम दूर बसवीत किंवा बाजूलाच ठेवीत, कारण त्याच्या धक्क्याने सुई उसळे. ध्वनिमुद्रिकांसाठी मायक्रोफोन आला तो १९२५च्या सुमारास. पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीतात कावस लॉर्ड आणि त्यांचे पुत्र केर्सी व बरजोर तालवाद्यांसाठी नावाजले. त्या काळी बहुधा सारा वाद्यवृंद एकदमच मुद्रित होई. एकाची चूक झाली की सर्वांनी पुन्हा वाजवायचे!

आता जागा. टिनाच्या छपराखाली आवाज आदळून परत येतो आणि थापा एकमेकींत मिसळतात. मोकळ्यावर तसे होत नाही. पण वारा मायक्रोफोनवर घरघरतो, त्याला स्पंजची टोपी घालावी. तलावाकाठची शांतता मोहात पाडते. तरी हिवाळ्यात ढोलक घेऊन मी तेथे जाणार नाही. पक्षी उठून जातील. गावातले अंगण बरे, तेही पहाटे, वारा पडलेला असताना.

वादकाला आधी त्याची सर्वांत जोराची थाप मारायला सांगा. आवाज दाखवणारा काटा तेव्हाही टोकाला पोहोचू नये, इतकी जागा ठेवा. रंगात आलेला वादक त्याहून जोरात वाजवतोच! मग मुद्रण सुरू करा आणि पहिल्या थापेपूर्वी त्याच्याच तोंडून त्याचे नाव, गाव आणि तालाचे नाव बोलवून घ्या.