व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो डाउनलोड होत नाही? अ‍ॅप काढण्याआधी हे तपासा

व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज येतात, पण फोटो धूसरच राहतो? अ‍ॅप काढून पुन्हा टाकण्याची घाई नको. बॅकअप नसेल तर जुने चॅटही जातील.

नेटवर्क : मजकूर कमकुवत नेटवर्कवरही येतो, फोटो अडकतो. वाय-फाय किंवा मोबाइल डेटा बदलून पाहा.

तारीख-वेळ : ती चुकीची असल्यास अ‍ॅप सर्व्हरशी जोडले जात नाही. सेटिंग्जमध्ये ‘ऑटोमॅटिक’ करा.

स्टोरेज : जागा संपली असल्यास मोठे व्हिडिओ हटवा. अ‍ॅपला फोटो-व्हिडिओंची परवानगी आहे का, तेही पाहा.

तरीही जमले नाही, तर पाठवणाऱ्याला फोटो पुन्हा पाठवायला सांगा. सर्व्हरवर फोटो कायम राहत नाही. म्हणून रिपोर्ट, पावत्या, कागदपत्रांचे फोटो आले की त्याच दिवशी डाउनलोड करा.