पाय का घसरतो?

माणूस पडला की पाहणाऱ्यास हसू येते. परंतु मासळीबाजाराच्या ओल्या फरशीवर घसरून मनगट मोडलेल्या बाईस दीड-दोन महिने टोपली उचलता येत नाही, आणि तितके दिवस तिच्या चुलीचे काय होते, हे हसणाऱ्याच्या ध्यानी येत नाही. म्हणून कामाच्या जागी माणसे का पडतात, याचा थोडा शास्त्रीय विचार आम्ही येथे करीत आहोत.

पाऊल टाकताना प्रथम टाच टेकते व ती पुढे सरकू पाहते. तिला रोखून धरते ते घर्षण. घर्षण हे दाबणाऱ्या भाराच्या प्रमाणात असते, असे आमोंताँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६९९ मध्ये मांडले. या दोहोंचे गुणोत्तर तो घर्षणगुणांक. सपाट जमिनीवर सावकाश चालावयास तो सुमारे ०.२ असला तरी पुरतो, आणि कोरडी फरशी याहून पुष्कळ अधिक देते. परंतु टाच व फरशी यांमध्ये पाण्याचा पातळ थर शिरला की दोन्ही पृष्ठभाग एकमेकांस नीट भिडतच नाहीत. काजूच्या टरफलाचे तेल सांडले असेल तर विचारूच नये! जाडजूड माणूस घसरत नाही ही समजूत मात्र खोटी. भार वाढला की घर्षण वाढते, तसाच टाचेचा पुढचा रेटाही त्याच मानाने वाढतो. लांब ढांगा टाकल्याने हा रेटा अधिक होतो. ओल्या जागी आखूड पावले टाकावीत, असे वडीलधारी मंडळी सांगतात ते याचमुळे.

अडखळण्याची गोष्ट निराळी. चालताना पायाचा चवडा जमिनीपासून जेमतेम एक-दोन सेंटिमीटर वर असतो. तेव्हा उचकटलेल्या फरशीचा कोपरा, किंवा पाय पुसावयास म्हणून टाकलेले आणि गोळा झालेले गोणपाटसुद्धा माणसास पाडावयास पुरेसे होते. जिन्याचेही तसेच. पहिल्या दोन पायऱ्यांत शरीर उंचीचा अंदाज बांधते आणि पुढे डोळ्यांस विचारीत नाही. मध्येच एखादी पायरी कमीअधिक निघाली की तोल जातो. आमच्याकडील जुन्या जांभ्या दगडाच्या पायऱ्या झिजून अशाच विषम झालेल्या असतात, आणि पावसाळ्यात त्यांवर शेवाळ धरते ते वेगळेच.

कारखान्यांतील जमिनी, जिने व वाटा मजबूत असाव्यात, त्यांवर अडथळे वा पाय घसरविणारे पदार्थ नसावेत, असा दंडक १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या ३२ व्या कलमात घातला गेला. कामगाराच्या वेंधळेपणाकडे बोट दाखविण्याआधी मालकाने जमीन पाहावी, हा त्यातील अर्थ आम्हांस महत्त्वाचा वाटतो. तेल सांडल्यास त्यावर लाकडाचा भुसा टाकावा, तो तेल शोषून घेतो. मग भुसा झाडून काढून धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने जागा धुवावी व कोरडी होईपर्यंत तेथून कोणास जाऊ देऊ नये. मासळीबाजाराच्या फरशीस गटाराकडे उतार हवा, आणि ती गुळगुळीत नव्हे, खरबरीत हवी. दिसावयास ती तितकीशी सुंदर नसते खरी.