ठिबकच्या नळीतले रसायनशास्त्र

जळगाव-धुळ्याच्या कॉलेजांत बारावीची मुले प्रात्यक्षिकाला टायट्रेशन करतात आणि दिलेला सॉल्ट ओळखतात. रावेर-यावल पट्ट्यातल्या केळीच्या बागेतही हेच दोन प्रयोग उपयोगी पडतात, हे मात्र जर्नलमध्ये कुठे लिहिलेले नसते.

विहिरीचे पाणी जड असले की ठिबकच्या ड्रिपरमध्ये पांढरा थर बसतो. त्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकावेत. फसफसून निघालेल्या वायूने चुन्याची निवळी दुधाळ झाली, तर थर कार्बोनेटचा. त्यात कॅल्शियम असेल तर ज्योत विटकरी लाल होते. केळीला द्यायच्या म्युरेट ऑफ पोटॅशची परीक्षा याहून सुंदर आहे. चिमूटभर पोटॅश तारेवर घेऊन ज्योतीत धरले की फिकट जांभळी छटा यायला हवी, पण सोडियमचा अंश असला तरी त्याच्या पिवळ्या रंगात ती लपते. मग कोबाल्टच्या निळ्या काचेतून पाहायचे. पिवळा प्रकाश काचेतच अडतो आणि जांभळा दिसू लागतो! ज्योतीच्या रंगांचा असाच, पण प्रिझममधून, माग काढत बुन्सेन आणि किर्शहॉफ यांनी १८६० मध्ये सीझियम हे नवे मूलद्रव्य शोधले.

थर ओळखला, आता आम्ल किती घालायचे? शेतकरी आपल्या विहिरीच्या लिटरभर पाण्यात आम्ल मोजून थोडे थोडे घालतो, सामू ४ च्या आसपास आला की थांबतो आणि त्यावरून साऱ्या प्रवाहाचा हिशेब मांडतो. ठिबकची ही ‘आम्ल प्रक्रिया’ म्हणजे टायट्रेशनच.

प्रयोगशाळेत ते अधिक काटेकोर होते. १० मिली आम्लात फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब टाकून ब्युरेटमधून ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड सोडायचे. द्रावण पाण्यासारखे नितळ असते आणि एका थेंबाने फिकट गुलाबी होते. रीडिंग १२.५ मिली आले तर आम्ल ०.१२५ नॉर्मल, ते हायड्रोक्लोरिक असेल तर लिटरमागे सुमारे ४.५६ ग्रॅम. हे आम्ल वाफाळून हळूहळू कमजोर होते, म्हणून जुन्या कॅनच्या लेबलापेक्षा ब्युरेटवर विश्वास ठेवावा.

बागेत आम्ल प्रक्रिया करणाऱ्यांनी दोन गोष्टी कधीही विसरू नयेत. पाण्यात आम्ल घालावे, आम्लात पाणी नाही. आणि क्लोरीन प्रक्रियेची ब्लीचिंग पावडर त्याच टाकीत मिसळू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो.