लिटरभर पेट्रोल जातं तरी कुठं?

एक लिटर पेट्रोलचं वजन साधारण पाऊण किलो. ते जळल्यावर सायलेन्सरमधून जो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, त्याचं वजन भरतं सुमारे 2.3 किलो. पाऊण किलो आत गेलं आणि सव्वादोन किलोच्या वर बाहेर आलं! शिवाय किलोच्या आसपास पाणी वाफ होऊन निघून गेलं, ते वेगळंच. थंडीत सकाळी गाडी सुरू केली की सायलेन्सरच्या टोकाला थेंब ठिबकतात ते हेच पाणी. काहीतरी गळतंय म्हणून गॅरेजला धावणारे पुष्कळ असतात. हा हिशेब जमतो हवेमुळं. एक लिटर पेट्रोल नीट जळायला जवळपास अकरा किलो, म्हणजे नऊ हजार लिटर हवा लागते. पंपावर आपण पैसे मोजतो पेट्रोलचे. गाडी मात्र त्याच्या पंधरापट वजनाची हवा फुकटात ओढून घेते.

आता त्या लिटरभर पेट्रोलातली ताकद बघा. विजेच्या बिलाच्या भाषेत ती भरते सुमारे नऊ युनिट. त्यातला कणही वाया गेला नाही, तर एक टन वजनाची गाडी समुद्रसपाटीपासून थेट कळसूबाईच्या उंचीवर उचलता येईल, आणि तिथून पुन्हा तेवढीच वर. 1646 मीटर, दोनदा! प्रत्यक्षात काय होतं? गर्दीच्या वेळी कोथरूडहून हडपसरला पोचेपर्यंत तो लिटर संपत आलेला असतो. सपाट रस्ता, एक माणूस आत, डिकी रिकामी. मग दोन कळसूबाई गेल्या कुठं?

बहुतेक सगळी ताकद उष्णता होऊन उडून गेली. काही सायलेन्सरमधून, काही रेडिएटरमधून. शहरातल्या चालवण्यात पेट्रोलच्या ताकदीचा जेमतेम पाचवा हिस्सा चाकांपर्यंत पोचतो, कधीकधी तेवढाही नाही. यात गाडीचा दोष नाही. उष्णतेचं काम करून घेणाऱ्या कुठल्याही यंत्राला काही उष्णता टाकून द्यावीच लागते, हा निसर्गाचा नियम आहे. 1876 साली निकोलाउस ऑटोनं चार स्ट्रोकचं इंजिन चालवून दाखवलं. तेव्हापासून इंजिनिअर मंडळी या नियमाशी झुंजत एकेक टक्का मिळवत आली आहेत.

आणि हे सगळं किती बारीक मापानं चालतं! चार सिलिंडरची गाडी ताशी 60 किलोमीटरनं निवांत चालली आहे, इंजिन मिनिटाला दोन हजार फेरे घेतंय, ॲव्हरेज पंधराचं. अशा वेळी मिनिटाला चार हजार ठिणग्या पडतात आणि दर ठिणगीच्या वाट्याला पेट्रोल येतं ते पाण्याच्या एका थेंबाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकं. एवढ्याशा शिंतोड्याच्या जोरावर आपण सहकुटुंब गणपतीला कोकणात जातो.

या मापात जरा उन्नीस-बीस झालं की ॲव्हरेज बदलतं. म्हणून कंपनीनं सांगितलेला आकडा आणि आपल्याला मिळणारा आकडा जुळत नाही, तेव्हा लगेच फसवणूक समजू नये. तो आकडा येतो चाचणीतून, आणि अशी चाचणी करणारी सगळ्यात माहितीची संस्था म्हणजे पुण्याची एआरएआय. तिच्या नावानं पुणेकर वेताळ टेकडीचा तो भागच ओळखतात. तिथं गाडी रस्त्यावर पळत नाही, रोलरवर जागच्या जागी पळते. वर्षानुवर्षं वापरात असलेल्या भारतीय चाचणीत 1180 सेकंदांचा ठरलेला कार्यक्रम असतो, वेग 90च्या वर जात नाही आणि एसी बंद असतो. गंमत म्हणजे पेट्रोल किती लागलं हे टाकीत बघून ठरवत नाहीत. सायलेन्सरचा धूर पिशव्यांत गोळा करतात, त्यातला कार्बन मोजतात आणि उलट हिशेब करून पेट्रोल काढतात. कार्बन कुठं नाहीसा होत नाही, या एका भरवशावर हा हिशेब उभा असतो.

आपल्या रस्त्यावर रोलर नसतो, वारा असतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो. म्हणजे 80चे 100 केले, तर वेग सव्वापट होतो पण हवा दीडपटीहून जास्त अडवते. एक्सप्रेस-वेवर दहा मिनिटं वाचवल्याची किंमत पंपावर दिसते ती यामुळं. उलट टोकाला सिग्नल. उभ्या गाडीचं छोटं इंजिनही तासाला अर्धा-पाऊण लिटर पेट्रोल पितं आणि तेवढ्या वेळाचं ॲव्हरेज असतं शून्य.

घाटात मात्र एक नवल घडतं. पसरणीचा घाट उतरताना गाडी न्यूट्रलला टाकली की पेट्रोल वाचतं, असं सांगणारे काका घरोघरी आहेत. कार्बोरेटरच्या जमान्यात त्यात थोडंफार तथ्य होतं. आजची गाडी गिअरमध्ये असताना तुम्ही ॲक्सिलरेटरवरचा पाय पूर्ण उचलला, की तिचा संगणक म्हणतो, चाकंच इंजिन फिरवताहेत, मग पेट्रोल कशाला? आणि तो इंजेक्टर बंद करून टाकतो. इंजिन फिरतंय, ठिणग्या पडताहेत, पण पेट्रोल अक्षरशः शून्य. न्यूट्रल केलंत तर मात्र इंजिन बंद पडू नये म्हणून त्याला पेट्रोल पाजत राहावं लागतं. म्हणजे काकांच्या युक्तीनं पेट्रोल वाचत नाहीच, उलट जास्त जातं. शिवाय इंजिनाचा आधार गेल्यानं सगळा भार ब्रेकवर येतो आणि तो तापून नरम पडतो. घाट ज्या गिअरनं चढलात त्याच गिअरनं उतरा, हा जुन्या ड्रायव्हरांचा सल्ला पेट्रोलच्या हिशेबातही खरा ठरतो.

आता बिघाडांकडे वळू. रस्ता तोच, चालवणारा तोच, तरी पंधराचं बारा झालं, तर गाडीत काहीतरी बिनसलंय. फक्त ते सांगायला दिवा लागतोच असं नाही.

थर्मोस्टॅट घ्या. मुठीत मावणारा हा व्हॉल्व्ह इंजिन आणि रेडिएटर यांच्यामध्ये बसतो. त्याच्या पोटात पितळेची एक डबी असते आणि डबीत मेण. इंजिन गार असेपर्यंत मेण घट्ट, वाट बंद. कूलंट ऐंशी-नव्वद अंशांच्या घरात गेला की मेण वितळून फुगतं, दांडी ढकलतं आणि रेडिएटरची वाट उघडतं. ना वायर, ना बॅटरी. नुसत्या मेणाच्या फुगण्यावर इंजिनाचं तापमान सांभाळलं जातं. हा व्हॉल्व्ह उघडाच अडकला तर इंजिन नीट तापतच नाही. संगणकाला वाटतं गाडी अजून गारच आहे, आणि तो जास्तीचं पेट्रोल देत राहतो. एकदा गाडी तापली म्हणून थर्मोस्टॅटच काढून टाकणारे मेकॅनिक आजही भेटतात. गाडी मग तापत नाही हे खरं, पण टाकी भराभर रिकामी होते. तासभर चालवूनही टेम्परेचरचा काटा नेहमीच्या जागी येत नसेल, तर पहिला संशय याच्यावर घ्या.

दुसरा संशयित म्हणजे ऑक्सिजन सेन्सर. आमटी उकळताना सुगरण जशी दर थोड्या वेळानं पळीवर चव बघते, तसा हा धुराच्या वाटेत बसून ऑक्सिजन उरलाय का ते बघतो. पेट्रोल जास्त झालं तर एक व्होल्टच्या जरा खालचा इशारा, कमी झालं तर जवळपास शून्य. त्यावरून संगणक पुढचं माप ठरवतो. सेन्सर म्हातारा होऊन सुस्तावला की पेट्रोल जास्त पडू लागतं, प्लग काळे पडतात आणि धुराला पेट्रोलचा वास येतो. पुढं महागडा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही खराब होतो.

तिसरा बिघाड साधा आणि लबाड: चिकटलेला ब्रेक. पाय उचलला तरी एखादा पॅड डिस्क सोडत नाही. आपण गाडी ओढत राहतो, ती अडत राहते. फेरफटका मारून आल्यावर प्रत्येक चाकाच्या रिमजवळ हात न्या, लावू मात्र नका. तीन चाकं कोमट आणि चौथ्याची धग लागत असेल, तर पेट्रोल तिथं जळतंय.

टायरमधली हवा तर महिन्याला एक-दोन पीएसआय आपोआपच कमी होते. योग्य आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो आणि हवा तपासायची ती टायर गार असताना. एअर फिल्टरवर मात्र लोक उगाच खापर फोडतात. आत आलेल्या हवेच्या मापानंच आजची गाडी पेट्रोल सोडते, म्हणून मळक्या फिल्टरनं पिकअप जातो, ॲव्हरेज फारसं पडत नाही.

आणि एक कारण गाडीबाहेरचं. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. आधी 2030 साठी ठरलेलं हे उद्दिष्ट सरकारनं 2025 वर आणलं. उसाचा रस, मळी, मका, तांदूळ यांतून ते बनतं, म्हणजे आपल्या टाकीत उसाच्या फडाचाही वाटा असतो. पण लिटरमागं इथेनॉलची ताकद पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्श्यानं कमी. गणितानं पाहिलं तर शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत सहा-सात टक्क्यांची घट येते, पंधराचं चौदा. इथेनॉलचा ऑक्टेन जास्त असल्यानं त्याच्यासाठीच बनवलेलं इंजिन यातलं काही भरून काढतं; जुन्या इंजिनाला ते जमत नाही. मात्र पंधराचं अकरा झालं असेल, तर इथेनॉलच्या नावानं बोटं मोडून भागणार नाही.

म्हणून आकडा स्वतः काढा. टाकी फुल्ल करा, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद पडलं की थांबा, ट्रिप मीटर शून्यावर आणा. पुढच्या वेळी पुन्हा तसंच भरा आणि किलोमीटरला लिटरनं भागा. एका भरण्यावर विश्वास ठेवू नका, तीन-चार भरण्यांची सरासरी घ्या आणि गाडीतच एका वहीत लिहून ठेवा. आकडा दहा टक्क्यांहून जास्त घसरून तिथंच राहिला, तर गॅरेजला जा. तिथं नुसतं "गाडी ॲव्हरेज देत नाही" म्हणू नका. वही पुढं करा, काटा कुठं थांबतो, कुठलं चाक तापतं, प्लगचा रंग कसा आहे ते सांगा. एवढं सांगणाऱ्या गिऱ्हाइकाच्या गाडीचे नको ते पार्ट सहसा बदलले जात नाहीत.