बेटांवरची शहरं (६) : हवाना, साखरेच्या कोट्यावर

१९५०च्या दशकातल्या हवानाबद्दल लिहिणारे बहुतेक जण आधी कॅसिनोत शिरतात. आपणही शिरू, पण लवकर बाहेर पडू. मार्च १९५२मध्ये क्यूबाचा माजी अध्यक्ष बातिस्ता याने लष्कराच्या बळावर सत्ता घेतली. १९५५च्या कायद्यानुसार दहा लाख डॉलरांवर गुंतवणूक असलेल्या नव्या हॉटेलाला जुगाराचा परवाना मिळू लागला. डिसेंबर १९५७मध्ये अमेरिकी गुन्हेगारी जगतातल्या मेयर लॅन्स्कीचं रिव्हिएरा हॉटेल उघडलं, मार्च १९५८मध्ये हिल्टन. यातला हिल्टनचा मामला गमतीचा आहे. नाव आणि कारभार अमेरिकी, पण इमारतीत पैसा गुंतला होता तो क्यूबन हॉटेल कामगारांच्या निवृत्तिनिधीचा.

या झगमगाटाने भले भले फसतात. हवानाची खरी दोरी वॉशिंग्टनमध्ये होती आणि ती साखरेची होती. १९०३च्या करारानं क्यूबाच्या साखरेला अमेरिकेत जकातीत २० टक्के सूट मिळाली, बदल्यात अमेरिकी मालाला क्यूबात सवलती. १९३४पासून कोटा आला : क्यूबाची किती साखर घ्यायची, हे अमेरिकी सरकार ठरवणार. कोट्यातल्या साखरेला भाव बहुधा जागतिक बाजाराहून चांगला, म्हणून क्यूबातले बागायतदारही खूश. साखर आणि सत्ता यांचं नातं मराठी वाचकाला वेगळं समजवायला नको. फरक इतकाच की तिथली सत्ता समुद्रापलीकडे बसली होती.

त्यात पेसो डॉलरच्या बरोबरीचा. हवानाच्या दुकानदाराला शेव्हरोले किंवा फ्रिज मागवताना विनिमयाची चिंताच नव्हती. अशा आयातीपुढे स्थानिक कारखाना उभा राहणार कसा? वीज आणि टेलिफोनही अमेरिकी कंपन्यांच्या हातात. अमेरिकी वूलवर्थ कंपनीच्या दुकानाला लोक लाडाने ‘टेन सेन’ म्हणत. आणि गळीत हंगाम उरकला की गावाकडचा ऊसतोड मजूर कित्येक महिने रिकामा बसे. त्या काळाला तिथे ‘मृत काळ’ असंच नाव होतं. हवानाचं वैभव त्याच्यापर्यंत पोचत नव्हतं.

तरी सगळंच लादलेलं होतं असं म्हणणं अन्यायाचं होईल. बेसबॉल क्यूबन तरुणांनी एकोणिसाव्या शतकात, स्पेनची सत्ता असतानाच, आपलासा केला होता. १९५४मध्ये हवानाचा संघ अमेरिकेतल्या इंटरनॅशनल लीगमध्ये उतरला, तो ‘शुगर किंग्ज’ या नावाने.

कास्त्रोच्या क्रांतीने बातिस्ताची सत्ता उलथल्यावर, जुलै १९६०मध्ये तो संघ अमेरिकेतल्या जर्सी सिटीला हलवण्यात आला. त्याच महिन्यात अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी क्यूबाचा उरलेला सुमारे सात लाख टनांचा कोटा रद्द केला. ऑगस्टमध्ये कास्त्रोने अमेरिकी साखर कारखाने, वीज आणि टेलिफोन कंपन्या ताब्यात घेतल्या. ऑक्टोबरमध्ये अमेरिकेने क्यूबाला होणाऱ्या बहुतेक निर्यातीवर बंदी घातली. रद्द झालेल्या कोट्यातली साखर सोव्हिएत संघाने घ्यायचं कबूल केलं, आणि पुढची तीस वर्षं क्यूबाच्या निर्यातीत सर्वांत मोठा वाटा साखरेचाच राहिला.