दाणे थोडे, अंडी फार : कडधान्यातल्या भुंगेऱ्याचा हिशेब

साठवलेल्या चवळीच्या किंवा मुगाच्या दाण्यांवर कधीकधी मोहरीहूनही बारीक पांढरे ठिपके चिकटलेले दिसतात. ही कडधान्यातल्या भुंगेऱ्याची अंडी. या भुंगेऱ्याचे शास्त्रीय नाव कॅलोसोब्रुकस मॅक्युलेटस. ताजे अंडे जवळजवळ पारदर्शक असते. त्यातली अळी बाहेर न येता अंड्याच्या तळातूनच थेट दाणा पोखरत आत जाते आणि मागे राहिलेले टरफल भुशाने भरून पांढरे दिसू लागते.

आत गेलेल्या अळीला दाणा बदलता येत नाही. वाढ, कोष आणि भुंगेऱ्याचे रूप, सारे त्याच दाण्यात पार पडते. उबदार हवेत याला तीन-चार आठवडे लागतात. प्रौढ भुंगेऱ्याला अन्नपाण्याची गरज नसते. अळीपणी साठवलेल्या पुंजीवरच तो एक-दोन आठवडे जगतो. म्हणजे पिल्लांचे सारे भवितव्य आई कोणता दाणा निवडते यावर ठरते. मादी दाण्यावरून फिरून तो चाचपते. आधीची अंडी तिला स्पर्शाने आणि गंधाने कळतात. एवढेच नव्हे, जास्त अंडी असलेला दाणा सोडून ती कमी अंडी असलेला निवडते. दाणे मुबलक असले की अंडी जवळजवळ समान वाटली जातात. एवढ्याशा जिवाची ही मोजदाद खरोखर थक्क करणारी आहे.

दाणे कमी पडले की मात्र पेच येतो. अंडी पोटात राखून ठेवावीत, तर आयुष्य थोडे आणि ती वायाच जाण्याची भीती. भरल्या दाण्यावर घालावीत, तर पिल्लांत झुंज ठरलेली. बहुतेक माद्या आधी थांबतात. पण वाट पाहणे लांबले की त्यांची पारख सैल होते आणि पूर्वी नाकारलेला दाणाही चालतो.

किती थांबायचे, हे वंशावर अवलंबून असते. तमिळनाडूतल्या तिरुनेलवेली परिसरातून १९७९ मध्ये गोळा केलेला वंश मुगा-उडदावरचा. मुगाचा दाणा लहान. त्यात अनेक अळ्या शिरल्या तरी या वंशाचा बहुधा एकच भुंगेरा बाहेर पडतो. त्यामुळे या माद्या भरलेला दाणा कटाक्षाने टाळतात आणि टंचाईत अंडी हात राखून घालतात. चवळीवर वाढलेल्या ब्राझीलमधील वंशाच्या अळ्या एकाच दाण्यात वाटून खातात, म्हणून त्या माद्या एवढ्या काटेकोर नसतात. तिरुनेलवेलीचा वंश प्रयोगशाळेत पिढ्यानपिढ्या चवळीवर वाढवला, तेव्हा त्याचाही काटेकोरपणा ओसरला. दाण्याच्या आकाराने आईचा स्वभाव घडवावा, याचा इतका स्वच्छ पुरावा क्वचितच मिळतो.

दाण्यात दाटी झाली, उष्णता वाढली, की निराळेच भुंगेरे निपजतात. जपानी संशोधक स्युनरो उतिदा यांनी त्यांचे वर्णन केले आहे. हे भुंगेरे चांगले उडतात, जास्त दिवस जगतात, पण अंडी कमी घालतात. घरच्या डब्यातली टंचाई त्यांना नव्या दाण्यांच्या शोधात बाहेर काढते. शेतातल्या पिकत्या शेंगांवरही हा भुंगेरा अंडी घालतो आणि मळणीनंतर धान्याबरोबर पुन्हा कोठारात येतो.

कडधान्याला तेल चोळण्याची घरोघरची रीत इथेच उपयोगी पडते. तेलाने अंडी नीट चिकटत नाहीत, चिकटलेली गुदमरतात. मात्र तेल चोळायचे ते धान्य भरतानाच. पांढरे ठिपके दिसू लागले, म्हणजे अळ्या आत पोचलेल्या असतात.